कोठी नंबर तीन

राऊच्या पुढे हायवेला लागून आमचं कोल्ड स्टोरेज.
आत बारा महिने तीन डिग्री,
बाहेर त्या दिवशी त्रेचाळीस.
आवक-जावक मी लिहिते, बावीस वर्षं झाली:
एलआर, ज्योती, चिपसोना,
पोती, वजन, भाडं, सही.

कृषी कॉलेजवाल्यांनी पाहुणे आणले होते, त्यांच्यात ती.
एउलालिया.
अँडीजच्या माथ्यावरच्या कुठल्याशा शेतकरी गावात
नगरपालिकेत कारकून.
गावाचं नाव तिनं तीनदा सांगितलं, मला तीनदा चुकलं,
चौथ्यांदा दोघींनीही नाद सोडला.

उन्हानं बाई पार उतरली होती,
शिकंजीचा ग्लास नुसता गालाला लावून बसली होती.
मग भेरूलालनं कोठी नंबर तीनचं दार ओढलं.
आम्ही सगळे स्वेटर चढवतोय
आणि हिनं खांद्यावरची शाल काढली,
थप्पीला पाठ टेकून जमिनीवर बसली
आणि इतका लांब श्वास सोडला
की त्याची वाफ दिसली.
दुभाष्या पोरगा दात वाजवत म्हणाला,
ती म्हणतेय, आमच्याकडे सकाळ अशीच असते.

तिच्याही टेबलावर रजिस्टर.
त्यात यंदा कुणाचं शेत पडीक ठेवायचं,
पाण्याची पाळी कुणाची,
कुणाच्या नांगरणीला कोण जाणार.
बटाट्यांची नावं पाठ, बोटांवर मावेनात.
एकाचं नाव, सुनेला रडवणारा:
इतक्या खाचाखोचा की सोलता सोलता दिवस जातो.
मी इतकी हसले की भेरूलालनं वळून पाहिलं.
आमच्याकडे त्याला वन्संच म्हटलं असतं.

हिमाच्या रात्री बटाटे माळावर पसरायचे,
पहाटे अनवाणी तुडवायचे, पाणी निघून जातं.
मग वर्षानुवर्षं टिकतात.
मी सांगितलं, आम्ही चैत्रात, गच्चीवर, जुन्या साडीवर.
म्हणजे तिचं वाळवण रात्रीचं.

जाताना तिनं पोत्यावर हात ठेवून विचारलं,
यातला घरी खायचा कोणता?
भेरूलालनं माझ्याकडे पाहिलं.
हा सगळा चिप्सच्या कारखान्याचा.
घरचा तोही मंडीतूनच आणतो,
त्यानं पेरलेला, दुसऱ्याच्या पिशवीतून.
माझ्या रजिस्टरात तो रकाना नाही.

पाच काळे बटाटे ठेवून गेली.
दिसायला दगड, हातात घ्यावेत तर काहीच नाही.
भिजत घातले की उठतात, म्हणाली.
घातले नाहीत अजून.
काट्यावर ठेवले, तो पोत्यांचा काटा,
त्यानं शून्य दाखवलं.
तरी मी नोंद केली:
कोठी तीन, नग पाच, वजन शून्य,
मालाचा धनी, एउलालिया, गाव,
आणि गावापुढे जे ऐकू आलं होतं ते,
चुकीचं तर चुकीचं.

परवा ऑडिटवाले येतायत.