मागच्या भिंतीला

सोमवारी दहाच्या सुट्टीत इंगोल्फ विचारतो,
"काल काय केलंस?"
मी सांगते, कपडे धुतले. बटाट्याचं सूप केलं.
खोटं त्यात काही नाही.
कपडे धुतलेच होते, सूपही शिजलं होतं,
फक्त नऊ ते साडेदहा एवढा तुकडा
मी रविवारातून कापून घेतला
आणि कडा अशा जुळवल्या
की शिवण दिसू नये.

आमचा कारखाना भिंगांचा, हाफेल नदीच्या काठी.
दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून
हे गाव पिढ्यान्‌पिढ्या काच घासतं.
कँटीनच्या खिडकीतून चर्चचा मनोरा दिसतो,
टोकावर पत्र्याचा कोंबडा.
वाऱ्याबरोबर फिरतो, आरवत नाही.
त्याचे मी उपकार मानते.

वडिलांची गोष्ट वेगळी.
गोटहार्ट हिल्शर, आठवी, वर्गात पहिला.
त्यांनी वेदीपुढे दृढीकरण घेतलं
आणि झेंड्यापुढची शपथ घेतली नाही.
पुढच्या शाळेत जागा मिळाली नाही.
जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले, शिट्टी वाजवत,
आणि शिट्टी कुठल्या गीताची
हे काही लपवलं नाही.
त्यांच्या तोंडाला कुलूप घालायला सरकार होतं.
माझ्या?
दार सताड उघडं, बाहेर कुणी उभं नाही,
आणि मी आतून कडी लावून बसलेली.

हसणारही नाही कुणी.
इंगोल्फ "अच्छा" म्हणेल
आणि सॉसेजवर मोहरी ओतेल.
त्या "अच्छा"लाच मी भिते.
शिवाय शनिवारच्या बाजारात
भोंग्यावरून नरकाचे पत्ते सांगणारे ते दोघे,
त्यांच्यात माझं नाव जायला नको.
शिवाय उद्या कुणी विचारलं,
आल्मुटचं सात आठवड्यांचं बाळ गेलं
तेव्हा कुठे होता तुझा देव?
मला उत्तर येत नाही.
मला फक्त एक बाक माहीत आहे
जिथे उत्तर नसताना बसता येतं.

आणि या सगळ्याच्या तळाशी:
बोलले, तर लोक भिंग पुसून माझ्याकडे बघतील.
पाळीच्या तक्त्यावरून वाल्ट्राउटशी
दोन वर्षं बोलले नव्हते, ते आठवेल त्यांना.
म्हणून मूग गिळते.
गिळलेले मूग पचतात म्हणे.
हे पचत नाही.

नोव्हेंबरात, हातमोजे चढवताना, इंगोल्फ म्हणाला,
"तुझी सायकल पाहिली. चर्चच्या मागच्या भिंतीला."
"गायला जाते," मी म्हणाले, "घसा मोकळा राहतो."
त्याने मान हलवली.
मोज्याचं एक बोट उलटं झालं होतं, ते सरळ करत राहिला.

"आई गेली बुधवारी.
ड्रॉवरमध्ये बाप्तिस्म्याचा दाखला सापडला,
एकोणीसशे एक्केचाळीसचा.
एका शब्दाने बोलली नाही आम्हाला.
मला वाटलं, तुला ठाऊक असेल,
माणसाला पोचवताना तिथे काय म्हणतात ते.
पण तू गायलाच जातेस म्हणजे."

ऐंशी वर्षं. म्हणजे तीही कापत होती,
माझ्याहून सफाईने,
आणि तुकडे ठेवत होती हातरुमालांखाली.

यंत्र सुरू झालं होतं.
मी बंद केलं. आतली काच वाया गेली.
"थांब," म्हणाले.
नवव्या वर्षापासून पाठ असलेले शब्द
कुबड्या घेऊन आले.
क्रम चुकला. एक ओळ गळली, मागाहून सापडली.
आवाज तर असा फुटला
की गायला जाते हेही कुणाला पटलं नसतं.

इंगोल्फने खिशातून पेन्सिल काढली.
भिंगाच्या पाकिटावर,
"डावा डोळा, वजा तीन"च्या खाली,
लिहू लागला.
"सावकाश," म्हणाला,
"मला यातलं काहीच येत नाही."

सायकल अजून मागच्याच भिंतीला लावते.
तिथे ऊन येत नाही, सीट तापत नाही,
असं मी स्वतःला सांगते.