पाचशे बारा

रात्री दोनला, कुपवाडच्या खोलीत,
लॉगमध्ये एकच ओळ:
प्रक्रिया ठार. मर्यादा पाचशे बारा, वापर पाचशे बारा.
मेलेल्याचं वजन काट्यावर अगदी बरोबर.
असा काटा तासगावच्या सौद्यात असता
तर निम्मी भांडणं झाली नसती.

फाइल फक्त नऊ एमबीची.
नऊ एमबीनं कोण मरतं?

सकाळी चौगुल्यांना फोनवर समजावलं,
अहो, बेदाणाच आहे तो.
वाळवून भरलाय म्हणून मूठभर दिसतो.
फंक्शन उघडतं म्हणजे पाण्यात टाकतं.
पाच कोटी ठिपके टम्म फुगतात,
एकेकाला चार बाइट,
झाले दोनशे एमबी. आणि वाटी आपली तेवढीच.

शांतिनाथ चौगुले तीस वर्षं बेदाण्यात.
म्हणाले, भिजवला म्हणून त्याचं द्राक्ष होत नसतंय, ताई.

तेही खरं.
वाळताना जे गेलं ते गेलंच,
जागा मात्र अख्ख्या घडाची लागते.

मग वाटी मोठी घ्या की.
घेतली. एक हजार चोवीस. मग दोन हजार अठ्ठेचाळीस.
महिनाअखेरीला बिल आलं,
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं:
एवढी हमाली?
वाटी परत लहान.

त्यात कोल्ड स्टोरेजचा आदगोंडा फोन उभा धरतो.
चित्र आडवं येतं, आत कुठंतरी चिठ्ठी: फिरवून घ्या.
फिरवायचं तर दुसरी वाटी,
आणि ओतून होईपर्यंत दोन्ही काठोकाठ.

म्हणून आता मी अख्खं उघडतच नाही.
वाचतानाच आठवा हिस्सा घेते,
सोळा ओळींची पट्टी,
आली, बघितली, सोडली,
फिरवायचं ते लहान झाल्यावर.
एका वेळी एकच लॉट.

तरी नवव्या फोटोला मरायचंच.
आठ नीट. नववा खलास.
तीन रात्री गेल्या, दोन पाकिटं भडंग गेलं.

फंक्शन विसरतं असं आपण धरून चालतो.
काम झालं की त्याला ना गाव ना पत्ता.
पण ऊब असली की तेच पुन्हा उठतं,
मागच्याचं खिशात घेऊन.
मीच एक यादी बाहेर मांडली होती
तपासण्यापुरती,
आणि उचलायची राहिली.
आठ लॉट तिच्यात जपून ठेवलेले,
कुणी मागितले नव्हते.

पुसण्याआधी एक लॉट माझ्या लॅपटॉपवर उघडला,
पूर्ण, इथं सोळा जीबी आहे, कोण विचारतंय.
चव्वेचाळीसशे सतरा.
हिरवा दाणा, दोनचार देठ, ट्रेचा निळा काठ
आणि डाव्या कडेला ट्रे धरलेला हात:
अंगठ्याला साखरेचा चिकटा,
नखावर उतरत आलेली मेंदी, अर्ध्या चंद्राएवढी.

आदगोंडा म्हणाला,
जैबुनभाभी असतील, न्हायतर शेवंताक्का.
बोटं कोण बघतंय?

तीनशे वीस ठिपक्यांच्या चौकोनात
हात बसत नाही.
कड कापली जाते, दाणा मधोमध येतो,
व्यापारी तिकडं बसून बोली लावतात
आणि कुणी मूठभर उधळत नाही
ही एक चांगली गोष्ट झाली.

यादी काढली.
आयर्विन पुलावर फुटांचे आकडे आहेत,
जुलैत सगळी सांगली ते वाचते.
मी माझे रोज वाचते:
एकशे चाळीस. एकशे अडतीस. एकशे एक्केचाळीस.

काल आदगोंडाला म्हणणार होते,
फोन आडवा धर, कडेचं काही येऊ देऊ नकोस,
उगाच ठिपके वाढतात.

मग म्हटलं, असू दे.
धर कसाही.
मावेल.