पुसण्याआधी

महापेला सातव्या मजल्यावर
रात्री साडेआठनंतर माझं राज्य.
चौदा केबिन, तीन मीटिंग रूम,
आणि सहा पांढरे फळे,
ज्यांच्यावर दिवसभर माणसं बोललेली असतात.

पहिल्याच महिन्यात एक फळा मी लख्ख पुसला.
कोपऱ्यात चौकटीत तीन शब्द होते,
मला वाटलं, कुणाची सही असेल.
दुसऱ्या दिवशी पाटकर सुपरवायझरने
ते कागदावर लिहून आणले
आणि सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवले:
डू नॉट इरेज.
दोनशे रुपये कापले.
म्हणजे शब्दाला सहासष्ट, वर काही पैसे.
इतकं महाग इंग्रजी
अख्ख्या घणसोलीत कुणी शिकलं नसेल.

तेव्हापासून आधी वही, मग डस्टर.
तीन रकाने आखते: शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग.
डिक्शनरी प्रणिताची, रद्दीत जाता जाता राहिलेली.
पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं नाहीत,
सुरूच होते अ‍ॅक्वायरपासून.

अ‍ॅक्वायर: संपादन करणे.
हा अर्थ मला पाठ करावा लागला नाही.
भूसंपादनाच्या नोटिशीबरोबर तो घरात आला
आणि चाळीस वर्षं आमच्यातच जेवतोय.
पुस्तकातल्या वाक्यात
कुणा गृहस्थाला ऑलिव्हची गोडी लागते.
ऑलिव्हचं पान शाबूत आहे,
वाचलं, तरी चव कळली नाही.
मी माझं लिहिलं:
दे अ‍ॅक्वायर्ड अवर फील्ड.
माय फादर-इन-लॉ अ‍ॅक्वायर्ड अ कफ.

प्रणिता म्हणाली, आई, ग्रामर बरोबर आहे,
पण असं वाक्य कुणी देत नाही.

मग देईनात.
बँडविड्थ नाही म्हणजे सवड नाही,
हे डिक्शनरीत नव्हतं, लिफ्टमध्ये कळलं.
‘टच बेस’पुढचा रकाना अजून कोरा आहे,
दोन साहेब सारखे करत असतात,
पण हात लावताना कुणी दिसत नाही.
सासूबाई अंथरुणातून विचारतात,
रातची काय गो लिवतेस? उधारी?
हो म्हटलं, उधारीच.

मार्चमध्ये एका फळ्यावर होतं:
लेगसी सिस्टिम, खाली लाल रेघ,
आणि बाणापुढे, रिटायर करणे आहे.
लेगसी: वाडवडिलांनी मागे ठेवलेलं.
हे मी दोनदा तपासलं.
मागे ठेवलेलं,
आणि त्यावर लाल रेघ.
खिडकीतून खाली पार्किंग दिसतं.
तिथेच कुठेतरी आमचा बांध होता.
सासरे एकदा गेटपर्यंत आले होते डबा द्यायला,
त्यांनी बोट दाखवलं एका पांढऱ्या गाडीकडे,
मग म्हणाले, नाही, ती पलीकडची.
मग खोकले, आणि डबा माझ्या हातात दिला.
त्या शब्दाचं वाक्य मी केलं नाही.

गेल्या सोमवारी तीन नंबरच्या खोलीत
चौकट, त्यात डू नॉट इरेज, ठळक,
आणि शेजारी पाच ओळी निळ्या शाईत.
तिसऱ्या ओळीत डेफिनिटली चुकलेलं.
मधे आय हवा, तिथे ए.
केबिनमध्ये डिग्र्या टांगलेल्या माणसाचं अक्षर ते.
मी बादली खाली ठेवली.
डिक्शनरी पिशवीतच होती, तरी काढून पाहिलं,
माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता.
मग फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं
आणि ए तेवढा टिपून घेतला,
भातातला खडा काढावा तसा.
निळा मार्कर शोधून आय घातला.
त्यावरचं टिंब जरा जास्तच गोल आलं.

मंगळवारी ते तिथेच. बुधवारी तिथेच.
शुक्रवारपर्यंत कुणालाच कळलं नाही,
पाटकरला तर नाहीच.

वहीचं पहिलं पान उघडलं.
इरेज: पुसून टाकणे.
तिसरा रकाना दोन वर्षं मोकळा होता.
त्यात लिहिलं:
आय इरेज्ड ओन्ली वन लेटर.
खाली तारीख टाकली.
बस सुटायला सहा मिनिटं होती,
आणि अजून दोन फळे पुसायचे होते.