साखरपुडा

केम्निट्झच्या ट्राम-डेपोत योर्न ब्रेक बसवतो.
तीन दिवस झाले, त्याच्या नखांत
ग्रीसच्या जोडीला चमकी अडकलीय,
निळी, कशानंच न निघणारी.
सोबतचे हसतात. हसू देत.

त्या गावात पोर पहिलीत जाते तेव्हा
तिला मिळतो तिच्या छातीला लागेल एवढा
कागदाचा शंकू, खाऊनं भरलेला.
त्यांच्या शब्दाला आपला शब्द लावला
तर सरळ होतो साखरपुडा.
लग्न कुणाचंच नाही.
पाटी, घंटा, डबा, पुढची बारा वर्षं,
सोयरीक त्यांच्याशी.

पुठ्ठा षट्कोनी, बाजू पंच्याऐंशी सेंटिमीटर.
मापांचं योर्नला कधीच भय नव्हतं.
भय आहे गोगलगायीचं.
तिल्डाला परी नको, घोडा नको.
"गोगलगाय. घर पाठीवर. हसणारी. पण फार नाही."
फार नाही म्हणजे किती?

रात्री साडेअकरा. बायको हॉस्पिटलात, रात्रपाळीला.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर
योर्न तिसरं तोंड कापतो.
पहिली गोगलगाय रागावलेली दिसत होती,
दुसरी, दाढ दुखत असल्यासारखी.

दार करकरतं.
आर्विद, अकरा वर्षांचा, अनवाणी.
पाणी प्यायला आलो म्हणतो,
पाणी काही पीत नाही.
खुर्ची ओढतो, कात्री घेतो,
शिंगांच्या टोकांना दोन डोळे कापतो,
एक जरासा मोठा.
तेवढ्यानं हसली ती. फार नाही.

"माझा दुकानातला होता,"
डिंकाच्या बाटलीकडे बघत तो म्हणतो.
"आगीच्या बंबाचा. बरा होता."

त्या वर्षी योर्न बव्हेरियात,
भाड्याच्या खोलीत,
शुक्रवारी रात्री येऊन रविवारी परतणारा.
आर्विदला ते माहीत आहे.
आर्विदला माहीत आहे हे योर्नला माहीत आहे.
डिंक वाळायला दहा मिनिटं लागतात,
दोघं दहा मिनिटं बसून राहतात.

शुक्रवारी आजोबा एरहार्ट आले.
"खाऊ भरायच्या आधी तळ माझा," म्हणाले,
आणि कोटाच्या खिशातून काढला
सोनेरी कागदात गुंडाळलेला बटाटा.
युद्ध संपल्यावरच्या त्यांच्या शंकूत
वर तीन बिस्किटं होती, खाली सगळे बटाटेच.
"फोटोत मी वाकलोय ना, ते वजनानं.
शेजाऱ्यांना वाटलं, केवढा खाऊ!
आईनं रात्री उकडले,
सालं मला काढू दिली."
एवढंच. मग टोपी घालून गेले.

शनिवारी दुपारी, गवतावर
तिल्डानं फीत सोडली.
चॉकलेटं, खडू, उड्यांची दोरी,
बॅटरी, जिचे सेल विसरलेले,
आणि अगदी शेवटी, खांद्यापर्यंत हात घालून,
बटाटा.
तिनं तो हुंगला. कानाला लावला.
"हा कच्चा आहे," तिनं आजोबांना सांगितलं,
जणू त्यांना कुणीतरी फसवलं होतं.
आजोबा इतके हसले
की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

गर्दीत गोगलगायीचा मोठा डोळा कुठेतरी गळाला.
सगळ्यांनी शोधला. आर्विदनंसुद्धा,
गुडघ्यांवर, सगळ्यांत जास्त वेळ.

नाताळाचे दिवे काढायला योर्न स्टुलावर चढला
तेव्हा कपाटावर, धुळीत,
तो दुकानातला शंकू आडवा पडलेला.
लाल बंब, छापील शिडी, छापील माणसं,
आणि बंबाच्या पुढच्या दिव्यावर
डिंकानं, जरा वाकडा,
एक डोळा.

गोगलगाय नि पोटात पाय.
योर्ननं दिव्यांची पेटी घेतली,
शंकू होता तसाच राहू दिला.
फक्त धूळ पुसली, एका बाजूची.