मिरचीच्या आधी

सोमवारी चेलनानं डब्यांवर कागद चिकटवले.
मिरची : बंद. शेंगदाणे : बंद. टोमॅटो : बंद.
बटाट्याचा आमच्या जैनाच्या घरात
मुळातच प्रश्न नव्हता.
"हे सगळं बोटीतनं आलंय आई, फार मागाहून.
कदंबांच्या ताटात नको."

सन्मतीच्या दम्यानं शाळेचे शंभर दिवस खाल्ले,
मग शाळेनंच हात जोडले.
तेव्हापासून ही ओट्यावरची शाळा.
फळा नाही. परात आहे,
पिठात बोटानं राजांची नावं लिहायची,
चुकलं तर मळून टाकायचं.

राळ्याचा भात केला, कुळथाचं कढण,
चिंच, आणि खानापूरकडच्या मिऱ्यांची पूड.
तीळ कुटताना सन्मती म्हणाला,
"त्यांच्याकडं खलबत्ता होता?"
म्हटलं, दगड तर होताच.

दिवस मावळायच्या आत हे उद्यमबागेतनं आले,
नखांत फौंड्रीची काळी रेती.
पहिला घास घेतला, थांबले.
"कोण आजारी हाय?"
"कोणी नाही, पाचवं शतक हाय," चेलना म्हणाली.
त्यांनी रंजक्याच्या बरणीकडं पाहिलं.
बरणीवर कागद.
पुढं काही बोलले नाहीत,
कढण मात्र दोनदा मागून घेतलं,
बहुतेक घशाखाली काही उतरावं म्हणून.

रविवारी हलशीला निघालो.
बसमध्ये मला नि चेलनाला शून्याचं तिकीट,
बायकांना असतं तसं.
"शून्य होतं का गं तेव्हा?"
मला माहीत नव्हतं. वहीत लिहून ठेवलं.
कंडक्टर सन्मतीकडं वळला,
"एष्टने क्लास?"
"ऐदने शतमान."
कंडक्टर हसला नाही.
क्षणभर हिशेब केल्यागत उभा राहिला,
आणि अर्धं तिकीट दिलं.

देवळाच्या पायऱ्यांवर
सन्मतीच्या छातीत बारीक शिटी वाजली.
बसलो. पंप घेतला. पुन्हा बसलो.
तिथंच सांगून टाकलं,
की हे देऊळ काही त्या शतकातलं नाही,
कितीतरी नंतरचं.
चेलनाचं तोंड उतरलं.
"मग त्यांचं उरलं काय?"

ताम्रपट उरले. एकात एक शेत आहे,
जीव वाचवला म्हणून सेनापतीला दिलेलं.
"कुठलं शेत?"
ते मला सांगता येईना.
खाली भाताची खाचरं कापून मोकळी पडलेली,
त्यातलं कुठलंही असेल, नाहीतर एकही नसेल.

बांधावर बसवाणी नावाचा माणूस
ताडपत्रीवर भात वाळवत होता, पायानं सऱ्या ओढत.
चेलनानं थेट विचारलं,
"हे शेत कुणी दिलं तुम्हाला?"
"देतंय कोण, बाई? वाट्यानं करतोय.
मालक बेळगावात हाय."
तिनं वहीत लिहिलं :
शेत, बसवाणी. मालक, दिसला नाही.
मग पेन्सिल चावत बराच वेळ गप्प.
"आई, ताम्रपटात नांगरणाऱ्याचं नाव आहे?"
नाही, म्हटलं.
तिनं बसवाणीचं नाव पुन्हा गिरवलं,
कागद पलीकडून उमटेपर्यंत.

डबा उघडला. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी.
बसवाणीनं तुकडा मोडला, चावला,
आमच्याकडं जरा कीव येऊन पाहिलं,
आणि टॉवेलाच्या गाठीतनं
एक हिरवी मिरची काढून सन्मतीपुढं धरली.

पोरं एकमेकांकडं बघत राहिली.
असा पेच पुस्तकात नसतो.
सन्मतीनं शेंडा चावला.
डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी,
आणि त्या पाण्यातनं हसू.
"किती शतकं गेली गं?"
"दहा-अकरा," चेलना म्हणाली,
आणि उरलेली अर्धी मागून घेतली.

रात्री बरणीवरचा कागद तिनंच काढला.
हे काही न विचारता चमचा घेऊन आले.

शेंगदाणे अजून बंद आहेत.