मडगार्डमधलं ढेकूळ

शिरोली नाक्याजवळ, आमच्या सर्व्हिसिंग सेंटरात
रात्रभर घाट उतरून आलेल्या गाड्या लागतात रांगेनं.
खनिजाच्या. ताडपत्रीखाली डोंगर.
गौसलाजम खिडकीतनं मान काढतो:
"सर्जेराव, चाकं तेवढी चकाचक कर. मालक बघतोय."

माती लाल. इतकी, की पहिली दहा मिनिटं
वाटतं, काहीतरी कापलंय आपण.
गन मारली की सुटते,
फरशीवरनं गटारात, गटारातनं नाल्यात,
नाला पंचगंगेत. तिथनं वाडीला,
दत्ताच्या पायऱ्यांना लागून कृष्णेत,
आणि पुढं पुढं, म्हणे, पूर्वेच्या समुद्रात.
मी समुद्र बघितलाय एकदाच, गणपतीपुळ्याला, पोरांना घेऊन.
तो पश्चिमेचा.
ज्याला रोज माती धाडतो
तो समुद्र अजून मला ओळखत नाही.

परवा मडगार्डच्या आत ढेकूळ होतं, ओंजळीएवढं,
मुळांनी घट्ट शिवलेलं.
गन लावणार, तेवढ्यात हललं.

आत वेटोळं. निळसर काळं, ओलं.
गांडूळ म्हणावं, तर जबडा होता.
साप म्हणावं, तर नजर नव्हती.

गौसलाजम चहाचा कप घेऊन वाकला.
"देवगांडूळ," म्हणाला. "सड्यावरचं.
जांभा पाझरायला लागला की वर येतं.
आमच्यात मारत नाहीत."
"मग जाताना घेऊन जा की. सोड होतं तिथं."
तो हसला नाही.
"होतं तिथं?"
आणि बघितलं खाली, माझ्या गमबुटांकडं,
जिथनं सकाळपासनं ती जागा
वाहत निघाली होती.

त्या दिवशी एक चाक लालच राहिलं.
मालकानं पन्नास रुपये कापले.

टाकीमागं नळ गळतो,
तिथं आक्काताईनं अळू लावलंय, चार पानांचं.
ढेकूळ तिथं ठेवलं, मुळांसकट.
इथल्या पाण्याला डिझेलचा वास,
म्हणून घरनं कळशी आणतो. बायको विचारते,
सांगत नाही. सांगायचं तरी काय?

आता प्रत्येक मडगार्डमधनं आधी बोटं फिरवतो.
वेळ जातो. मागचा हॉर्न देतो,
त्याच्या मागचा शिव्या.

ते आहे का अजून अळवाखाली, माहीत नाही.
उकरून बघावं, असं रोज वाटतं.
उकरत नाही.