बर्फाचा डबा

त्रांगच्या रानात रात्री दोनला
कपाळावर दिवा बांधून मी रबराची साल कापतो.
करवंटीत पांढरं ठिबकत राहतं.
झाडालाही दोन रात्रींनंतर विसावा द्यावा,
हे बापाने शिकवलं होतं.
तुला मात्र आठवड्यातून तीनदा टोचायचे.

नुआन, मूत्रपिंडं थकली
तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, रक्त घडवा
असा निरोप हाडांना तीच धाडतात.
आता निरोप सुईतून.
ती इंजेक्शनं मी शहरातून आणायचो
मोटारसायकलला बांधलेल्या डब्यात, बर्फात.
एकदा वाटेत टायर गेला. भर दुपार होती.

आठ महिने तुझे ओठ गुलाबी.
मग उतरले. डोस वाढवला. आणखी उतरले.
हिमोग्लोबिन चार.
घराला पायऱ्या दोनच,
पहिलीवर बसून म्हणालीस,
"दुसरी उद्या चढते."
नखं, हिरड्या, तळहात
माझ्या करवंटीतल्या चिकासारखे.

डॉक्टर वारापॉर्ननी चित्र काढून दाखवलं:
शरीराने औषधाला वैरी धरलं
आणि त्याच्यासारखं दिसणारं, तुझं स्वतःचं
जे चिमूटभर उरलं होतं, त्यालाही.
औषध बंद. पंधरवड्याला परक्याचं रक्त.
आणि प्रत्येक पिशवीगणिक
जुळणारं मूत्रपिंड मिळणं अवघड होणार.

मी विचारलं, बर्फ वितळला म्हणून का?
"सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.
हे उत्तर घेऊन मी दोन वर्षं रानात फिरलो.
सुरी खोल जायची. त्या खोडांवर गाठी आहेत अजून.

मग तुझा भाऊ सोमनुएक आला,
अंगाला जाळ्यांचा वास.
जमिनीच्या तुकड्यावरून बारा वर्षं अबोला.
तपासण्या जुळल्या.
म्हणाला, "जमीन ठेवलीसच, हेही ठेव."
तू रागाने तोंड फिरवलंस.
मग बराच वेळ फिरवूनच बसलीस.

लघवी पहिल्याच रात्री आली, रक्त नाही.
तिसरा आठवडा, पाचवा. पिशव्या चालूच.
सातव्यात कागदावर कोवळ्या पेशी,
मोजण्याइतक्या.
साडेसहा. आठ. नऊ पूर्णांक चार.

आकड्यांवर माझा विश्वास नव्हता.
पण एका सकाळी रानातून येताना
खलबत्त्याचा आवाज आला.
हळद, मिरची, गवती चहा.
मी मोजत उभा राहिलो:
न थांबता दोनशे घाव.

ओट्यावर तोच डबा होता.
माझा हात पुढे होईना.
"उघड की," तू म्हणालीस,
"सोमनुएकने खेकडे पाठवलेत.
बर्फ वितळला तरी चालतो त्यांना."